पाणी घातलेले दही, पाणी काढलेले दही

दह्याशी माणूस जगभर दोन तऱ्हांनी वागत आला आहे. कुठे त्यात पाणी घालून ते पातळ करतात, कुठे त्यातले पाणी काढून ते घट्ट करतात. पहिल्या तऱ्हेतून ताक, मठ्ठा, लस्सी तयार होतात. दुसऱ्या तऱ्हेतून आपला चक्का, आणि चक्क्यातून श्रीखंड. विचार केला तर यामागे दोन वेगळ्या गरजा दिसतात. पाणी घातले की एका वाटीचे चार पेले होतात आणि चार माणसांची सोय होते. पाणी काढले की चार वाट्यांची दीड वाटी उरते. ते मग सणालाच परवडते, नाहीतर ज्याच्यासाठी राखून ठेवायचे असे कोणीतरी घरात असावे लागते.

आमच्या पूर्व विदर्भात पहिली तऱ्हाच जास्त. गोंदिया हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण बांध्या, तलाव आणि ताटातला भात दोन्हीकडे सारखाच राहिला. भात खाणाऱ्या माणसाला भातावर ओतायला काहीतरी पातळ लागते. वरण असेल तर वरण, नसेल तर कढी, तीही नसेल तर ताक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी चूल पेटवायची इच्छा होत नाही, आणि ताक-भातावर दिवस निघतो. आमच्या सीमेपलीकडे छत्तीसगडात तर रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात. त्याला ते बासी म्हणतात, आणि सोबत कांदा आणि दही किंवा मही. मही म्हणजे ताक.

माझ्या लहानपणी गावात दूध विकले जाई, ताक मात्र वाटले जाई. ज्या घरी सकाळी रवी फिरली त्या घरी आजूबाजूची पोरे गडवा घेऊन उभी. त्याचे पैसे घेणे कोणाला शोभत नसे. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण मी नोकरीच्या सुरुवातीला शिकवत असे तेव्हा मुलांना अर्थ सांगावा लागत नव्हता. सगळ्यांनी कधी ना कधी ते भांडे पाठीमागे धरलेले होते. निवृत्तीच्या सुमारास मात्र एका मुलाने विचारले, "बाई, भांडं कशाला न्यायचं? ताकाची पिशवी मिळते ना!" म्हण मेली नव्हती, पण तिच्या पोटातले ताक आटले होते.

चक्का वर्षातून एक-दोनदा. पाडव्याला आणि जमले तर दसऱ्याला. आदल्या रात्री आई धुवट फडक्यात दही बांधून खुंटीला टांगत असे, खाली पातेले. रात्रभर त्यात टप टप आवाज येई आणि आम्ही भावंडे उद्याच्या वाटीचा हिशेब करत झोपत असू. श्रीखंडाचे जुने संस्कृत नाव शिखरिणी. याच नावाचे सतरा अक्षरांचे वृत्तही आहे. ते शिकवताना मी मुलांना हमखास श्रीखंडाची गोष्ट सांगत असे, कारण यमनसभलग पाठ करताना पेंगणारा वर्ग श्रीखंडाचे नाव काढले की ताठ बसे.

असो. हे सगळे लिहायला निमित्त झाले ते आमच्या ह्यांच्या आजारपणाचे.

ह्यांचे हृदय गेल्या वर्षापासून अशक्त झाले आहे. पंप हवा तेवढ्या जोराने चालत नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले. पंप कमी चालला की पाणी शरीरात साठते, पाय सुजतात, रात्री आडवे झाले की दम लागतो. नागपूरला नऊ दिवस काढून घरी आलो तेव्हा सोबत गोळ्यांची पिशवी आणि दोन नियम होते. पहिला, मीठ दिवसभरात सगळे मिळून एका छोट्या चमच्यापेक्षा कमी. दुसरा, पाणी दीड लिटर. त्यात चहा आला, ताक आले, वरणाचे पातळही आले. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर वजन करून लिहून ठेवायचे. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, ते पाणी असते, तेव्हा लगेच फोन करायचा.

मिठाचे मला फारसे कठीण वाटले नाही. स्वयंपाक माझ्या हातात आहे. लोणचे, पापड, सांडगे उचलून वरच्या फळीवर ठेवले. पण पाण्याचा नियम गोंदियाच्या उन्हाळ्यात पाळायचा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी एक उपाय केला. सकाळी मोजून दीड लिटर पाणी बाटलीत भरायचे. त्यांनी कपभर चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचे. बाटलीत जे दिसते तेवढेच दिवसाचे शिल्लक. मनाने हिशेब करण्यापेक्षा डोळ्यांना दिसलेला बरा, हे वर्गात शिकलेले सूत्र इथे कामी आले.

या हिशेबात सगळ्यात पहिले गेले ते ताक. पन्नास वर्षे हा माणूस जेवणानंतर मोठा पेलाभर ताक पिऊन उठत होता. त्यात जिरे, सैंधव आणि हिंग. ताक प्यायल्याशिवाय जेवण झाले असे त्यांना वाटतच नसे, हात धुवायला उठत नसत. आता दोन जेवणांचे दोन पेले म्हणजे अर्धा लिटर, दिवसाचा तिसरा हिस्सा. शिवाय मीठ. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त जेवण झाल्यावर तसेच बसून राहू लागले. ताट उचलायला गेले की "हो, झालं" म्हणत उठायचे. ती दोन-तीन मिनिटे मला फार जड जात. भूकही कमी झाली होती. भाताचा घास तोंडात फिरत राही.

आमची नात मेलबर्नला असते. त्या शहरात ग्रीक लोकांची वस्ती फार मोठी, ग्रीसबाहेर ग्रीकांची जी मोठी शहरे आहेत त्यांत मेलबर्नचे नाव वरच येते. तिच्या शेजारीही एक ग्रीक आजी आहे. व्हिडिओ कॉलवर मी ताकाचे रडगाणे सांगितले तर नात म्हणाली, "आजी, आबांना त्झात्झिकी करून दे ना. इथे सगळे खातात. दही, काकडी आणि लसूण. आणि ते पितात नाही, खातात!"

हे नाव मी शुद्धलेखनाला घातले असते तर निम्मा वर्ग नापास झाला असता. तिने तीनदा म्हणून दाखवले, मी वहीत लिहून घेतले. मग कृती ऐकली आणि हसू आले. पाणी काढलेल्या दह्यात किसून पिळलेली काकडी, वाटलेला लसूण, जैतुणाचे तेल, थोडे लिंबू किंवा व्हिनेगर, मीठ, आणि वरून पुदिना नाहीतर शेपू. लसूण आणि तेल सोडले तर ही आपली काकडीची कोशिंबीर की! फक्त आपण दही तसेच घालतो आणि ते चक्का घालतात.

निवृत्त मास्तरणीला एवढे कळले की पुढचे शोधल्याशिवाय राहवत नाही. शब्दापासून सुरुवात केली. त्झात्झिकी हा शब्द ग्रीकांनी तुर्की भाषेतून घेतला. तुर्कस्तानात त्याला जाजिक म्हणतात. तिथे मात्र तो पदार्थ बहुधा पातळ असतो, दह्यात पाणी घालून, कधी बर्फ टाकून, थंड सारासारखा वाटीतून खातात. बल्गेरियात तरातोर नावाचे असेच थंड काकडीचे सार करतात, त्यात अक्रोड आणि शेपू. इराणात मास्त-ओ-खियार. मास्त म्हणजे दही, खियार म्हणजे काकडी. त्यात पुदिना, अक्रोड, बेदाणे, कोणी सुकवलेल्या गुलाबपाकळ्याही घालतात. म्हणजे दही-काकडीचा एक मोठा पट्टाच आहे, इराणपासून बाल्कनपर्यंत, आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला आपण कोशिंबीर आणि रायते घेऊन बसलो आहोत. त्या पट्ट्यातही दोन्ही तऱ्हा आहेतच. तुर्क आणि बल्गेरियन पाणी घालतात, ग्रीक काढतात.

योगर्ट हा शब्दही तुर्कीच. घट्ट होणे, मळणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. आपला दही शब्द दधिवरून आणि काकडी कर्कटीवरून. काकडीची गोष्ट तर आणखी गमतीची. तिचे मूळ घर आपल्याकडचेच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण आजही उगवते, पण ती इतकी कडू असते की तोंडात धरवत नाही. आपल्या लोकांनी तीन हजार वर्षांमागेच तिला माणसाळवले आणि मग ती हळूहळू पश्चिमेकडे गेली. तेव्हा नात मेलबर्नहून मला जे नवीन म्हणून सांगत होती त्यातली काकडी मुळात इथूनच निघालेली. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आजी, तुझं सगळं शेवटी भारतातच येतं." मी म्हटले, "बेटा, लसूण मध्य आशियातला आणि तेल त्यांचे स्वतःचे. मी कुठे नाही म्हणते!"

आता मूळ कामाकडे. मला हे त्यांच्यासाठी करायचे होते, आणि त्यात दोन अडचणी होत्या. एक, उन्हाळा. दोन, मीठ.

उन्हाळ्याची अडचण अशी की आमच्याकडे मे महिन्यात दही तीन-चार तासांत लागते, आणि लागल्यावर थांबत नाही, आंबतच जाते. थंडीत तेच दही घोंगडीत गुंडाळून बारा तास ठेवावे लागते. दही लावणाऱ्या जंतूंना साधारण चाळीस अंशांची ऊब मानवते, म्हणजे बोट बुडवले की सुखद कोमट. आमच्या स्वयंपाकघराची हवाच दुपारी तेवढी असते. तेव्हा आईसारखे रात्रभर खुंटीला टांगले तर सकाळी चक्का इतका आंबट की नुसता वास घेऊन दात आंबावेत. म्हणून मी दही सकाळी लवकर लावते, ते मोडीपर्यंत घट्ट झाले की ताबडतोब थंड करते आणि मग गाळते तेही फ्रिजमध्येच. पातेल्यावर चाळणी, चाळणीत दुहेरी मलमल, त्यात दही, वर झाकण. वीज गेली तर दार उघडायचे नाही.

दही गाळले जाते म्हणजे नेमके काय होते? दूध आंबले की त्यातली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे एक जाळे बनते. त्या जाळ्यात पाणी अडकून राहते, म्हणून दही थरथरते पण सांडत नाही. सुरी फिरवली की जाळे तुटते आणि हिरवट-पिवळे पाणी सुटते. ती निवळी. फडक्यातून ती खाली जाते, जाळे वर राहते. दूध मी साय काढून घेते, कारण ह्यांना स्निग्धही बेताचेच. एक लिटर दुधाचे दही रात्रभर गाळले की माझ्या काट्यावर साधारण चारशे ग्रॅम चक्का भरतो आणि बाकीची निवळी खाली जमते. साध्या दह्यात शंभर ग्रॅमला तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, चांगल्या घट्ट चक्क्यात आठ-नऊ. भूक मेलेल्या माणसाच्या दोन चमच्यांत जास्तीत जास्त काय जाईल याची चिंता करणाऱ्या बाईला हा हिशेब फार मोलाचा वाटला.

दुसरी अडचण मिठाची. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. ती तशीच चक्क्यात घातली तर रात्रभर काढलेले पाणी पाच मिनिटांत परत आले म्हणून समजा. यावर ग्रीकांची युक्ती आणि आपली युक्ती एकच, किसाला मीठ चोळून ठेवायचे. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते, मग मुठीत पिळायचे. पण इथे मीठच नको! पिळताना बरेचसे मीठ पाण्याबरोबर जाते हे खरे, तरी किती गेले आणि किती राहिले हे मला मोजता येणार नव्हते. जे मोजता येत नाही ते ह्यांच्या ताटात नाही, हा नियम मी घालून घेतला आहे.

तेव्हा बिनमिठाचे पिळणे. पहिल्या दिवशी नुसते मुठीत पिळून पाहिले, पुरेसे निघाले नाही. मग काकडी उभी चिरून चमच्याने मधला बियांचा गर काढून टाकला, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथेच. साल काढून उरलेले किसले, मलमलीत बांधले, पिळा दिला आणि पुरचुंडीवर पाट्यावरचा वरवंटा ठेवून अर्धा तास सोडून दिले. दोन काकड्यांचे पाऊण वाटी पाणी निघाले. किस जवळजवळ कोरडा झाला, पण कुरकुरीतपणा राहिला. मीठ लावून पिळलेली काकडी मऊ पडते, ही तशी पडली नाही. हा एक फायदाच. मात्र चक्क्यात कालवायची ती ताटावर बसताना. आधी कालवून ठेवली की ती उरलेले पाणी सोडायला लागते.

काकडी आधी चाखून घ्यावी. कडूपणा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो, आणि उन्हाने तापलेल्या, पाण्याचा ताण पडलेल्या वेलाची काकडी कडू निघायचा संभव अधिक. आमच्या सांदवाडीतल्या वेलाला उन्हाळ्यात काकड्या धरत नाहीत, तेव्हा गुजरीतूनच आणाव्या लागतात. भाजीवाल्या बाईला मी म्हटले, "बाई, कोवळ्या दे." ती म्हणाली, "मॅडम, खीरा कोवळाच आहे, ऊन जून आहे." काय बोलणार!

लसूण एकच पाकळी. ठेचला की तो उग्र होतो, कारण ठेचल्यावरच त्यातला झोंबणारा पदार्थ तयार होतो. नातीच्या शेजारच्या आजीने एक बारकावा सांगितला आहे. लसूण लिंबाच्या रसातच ठेचायचा, म्हणजे आंबटामुळे उग्रपणा कमी तयार होतो. करून पाहिले, खरे आहे. आणि मिठाची उणीव भरून काढायलाही तेच लिंबू कामाला येते. जिभेला आंबट, झोंबणारे आणि भाजक्या जिऱ्याचे खमंग एवढे मिळाले की ती मिठाचा फार आग्रह धरत नाही.

तेलाचे काय करावे? जैतुणाचे तेल गोंदियात मिळते, पण त्याची छोटी बाटली घेताना हात थबकतो. मला जवसाची आठवण झाली. आमच्या भागात धान कापणीला येण्याआधी बांधीतल्या ओलीवर लाखोरी आणि जवस फेकून पेरायची पद्धत, तिला उतेरा म्हणतात. आमच्या घरी घाण्यावरचे जवसाचे कच्चे तेल चटणीवर, खिचडीवर घेत असत. किंचित कडसर, पण मागाहून दाण्यासारखा वास. दह्यावर ते चमचाभर सोडले तेव्हा माझे मलाच नवल वाटले. त्या ग्रीक आजीला चालले असते की नाही कोण जाणे, मला चालले. शेपू उन्हाळ्यात मिळत नाही, आणि मिळाला असता तरी घातला नसता. शेपूच्या बाबतीत आमचे हे आठवीतल्या मुलासारखे आहेत. पुदिना घातला.

पहिल्यांदा वाटी पुढे ठेवली तेव्हा त्यांनी विचारले, "हे काय?"

मी म्हटले, "ग्रीक पदार्थ आहे. तुमच्या नातीने सांगितला."

त्यांनी चमचाभर खाल्ले. मग आणखी एक. थोडा विचार करून म्हणाले, "ग्रीक कसला! हे घट्ट ताक आहे."

त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली, भाताबरोबर. भातही रोजच्यापेक्षा दोन घास जास्त गेला. जेवण संपल्यावर मात्र ते पूर्वीसारखेच क्षणभर बसून राहिले. घट्ट ताक म्हणाले खरे, पण ताक नव्हते ते. तहान चमच्याने भागत नाही. हे मला समजले आणि त्यांनाही ठाऊक होते, पण वाटी रिकामी झाली यावर आम्ही दोघांनी समाधान मानले.

उरते ती निवळी. एवढे पाणी फेकून द्यायचे माझ्या जिवावर येते. त्यात थोडी प्रथिने, दुधातली साखर आणि क्षार असतात. तिचा हिरवट रंग ब जीवनसत्त्वातल्या एका प्रकारामुळे येतो. घरात पातेलेभर निवळीचा प्रश्न सहज सुटतो, कारखान्यात तो डोंगराएवढा होतो. अमेरिकेत ग्रीक दह्याची लाट आली तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. एक किलो घट्ट दह्याला तीन-चार लिटर दूध, बाकीची आंबट निवळी. ती नदीनाल्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून ती गुरांना पाज, शेतात घाल, तिच्यापासून गॅस कर, असे उपाय करावे लागले.

त्या लाटेची गोष्टही ऐकण्यासारखी. ग्रीसमधल्या फागे कंपनीची सुरुवात १९२६ साली अथेन्समधल्या एका दुकानापासून झाली. पण अमेरिकेत ग्रीक दही घरोघर नेले ते चोबानी कंपनीने, आणि ती काढणारा हमदी उलुकाया हा जन्मला तुर्कस्तानात. २००५ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातला एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि २००७ साली माल बाजारात आणला. पुढे इंग्लंडमध्ये या दोन कंपन्यांचा खटला झाला. ग्रीसमध्ये न झालेल्या दह्याला ग्रीक योगर्ट म्हणता येणार नाही, असे २०१४ साली तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले. आपल्या चक्क्याला असे भाग्य लाभले नाही. तो अजून फडक्यातच आहे. गोंदियाच्या दुकानातही आता ग्रीक योगर्टचे छोटे डबे दिसतात, पण बरेचसे गोड, फळांच्या चवीचे. साधा बिनसाखरेचा हवा असेल तर घरचा चक्काच बरा, आणि त्यात काय आहे आणि काय नाही हे आपल्याला माहीत असते.

आमच्याकडची निवळी मी कणकेत वापरत नाही, ती पोळी हे खातात आणि मला आंबटपणा नको. तिची मी माझ्यापुरती कढी करते, बेसन लावून, मिरची-हळद घालून, अर्थात मीठ घालून. शेजारच्या सूनबाईला थोडी देते, ती ढोकळ्याच्या पिठात घालते. एके दिवशी ती भांडे घेऊन स्वतःच मागायला आली. तिने ते लपवले नव्हते. म्हटले, चला, ताक नाही तर निवळी, पण कोणीतरी भांडे घेऊन दारात आले.

एक सांगून ठेवते. ही कृती आमच्या घरच्या एका माणसाच्या प्रकृतीला आणि त्याच्या डॉक्टरांच्या सांगण्याला धरून आहे. आधी वही घेऊन त्यांच्यापुढे गेले, चक्का, काकडी, लसूण, सगळे विचारून घेतले, त्यांनी हो म्हटले, मग केले. ज्यांच्या घरी असा आजार असेल त्यांनीही विचारूनच करावे. मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर प्रथिनांचे नियम वेगळे असतात. ज्यांना काही पथ्य नाही त्यांनी खुशाल मीठ घालावे, सायीचे दही घ्यावे. गरम भाकरीच्या तुकड्याबरोबर फार छान लागते.

आता आठवड्यातून तीन दिवस हे घट्ट ताक होते. वजन गेले दोन महिने फारसे हललेले नाही, वहीत एकाखाली एक जवळजवळ सारखेच आकडे आहेत. पायाची सूज उतरली आहे. गेल्या रविवारी मात्र त्यांनी माझ्यावर मात केली. सकाळपासून एक चहा घेतला नाही, दुपारी पाण्याचे दोन घोट कमी घेतले, आणि रात्री जेवताना बाटली उचलून माझ्यासमोर ठेवली. तळाशी अडीचशे मिलिलीटर शिल्लक होते. काही बोलले नाहीत, फक्त बाटलीकडे बोट दाखवले.

मी उठून रवी काढली.